करमणुकीचा मासिक हिशेब

संसाराच्या जमाखर्चाच्या वहीत करमणुकीस स्वतंत्र रकाना असावा, असे आमच्या वडिलांच्या पिढीस कधी वाटले नाही. कीर्तनाच्या ताटात टाकलेले नाणे, जत्रेतील पाळणा आणि वर्षाकाठी एखादा दिवाळी अंक, एवढा सारा खर्च ‘किरकोळ’ या सदराखाली सुखाने मावत असे. आता तसे राहिले नाही. केबलचे भाडे, ब्रॉडबँडचे बिल, ज्याच्या त्याच्या मोबाइलचे रिचार्ज आणि ओटीटी या नावाने उघडलेल्या नव्या दुकानांच्या वर्गण्या यांची बेरीज केली, म्हणजे करमणूक हे प्रकरण किरकोळ नव्हे, हे गृहस्थास कळून चुकते. तेव्हा महागडी केबल काढून टाकावी आणि स्वस्त ओटीटीवर भागवावे काय, असा प्रश्न आज घरोघरी निघतो. आमच्याही घरी तो निघाला. त्याचा निकाल लावताना जो विचार करावा लागला, तो वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेख.

आमचे घर ढाणकीस, यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात. पैनगंगेच्या पलीकडे नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा. अलीकडे आम्ही वऱ्हाडचे. कापूस, सोयाबीन आणि हळद यांच्या भावांवर गावाचा आनंद चढतो आणि उतरतो. घरात लहानमोठी मिळून अकरा माणसे. अशा गावात करमणूक बाहेरून येण्यास नेहमीच उशीर लागला. रेडिओच्या काळी तो बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून वार्षिक परवाना घ्यावा लागे. त्यामुळे गल्लीतील एका रेडिओवर चार घरांच्या बातम्या होत. दूरदर्शनचा पहिला प्रयोग दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण आमच्या ओसरीवर कृष्णधवल संच आला तो १९८८ साली, महाभारत मालिका सुरू होण्याच्या बेतात असताना. गच्चीवर उंच खांबाला अँटेना बांधलेली, ती फिरविणारा एकजण वर आणि ‘आता बरे दिसते, आता गेले’ असे ओरडणारा दुसरा खाली, हा रविवार सकाळचा नित्यक्रम होता. त्या संचास मासिक भाडे नव्हते, आणि निवडीचाही प्रश्न नव्हता. जे येई ते सर्वजण पाहत.

केबलचे युग त्यानंतरचे. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी परदेशी वाहिन्या घरबसल्या दिसू शकतात, हे शहरांतील लोकांना समजले. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आली. १९९५ मध्ये केबलसाठी स्वतंत्र कायदा झाला. १९९९ मध्ये अल्फा मराठी निघाली, तिलाच पुढे झी मराठी असे नाव मिळाले. शतक सरता सरता आमच्या गल्लीतही एका तरुणाने छपरांवरून काळी तार खेळविली. पावसाळ्यात तार तुटली, की तो रात्री नऊ वाजता शिडी घेऊन हजर होई. भाडे थोडे, आणि तेही कापूस विकल्यावर दिले तरी चाले. ती केबल कंपनीची कमी आणि शेजाराची अधिक होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे सेटटॉप बॉक्स आले. गावाखेड्यांतील जुनी पद्धत बंद करण्याची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. त्यानंतर १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नवे दरपत्रक अमलात आले. त्याचा आशय चांगला होता. ज्याने जी वाहिनी पाहावी, तिचेच पैसे त्याने द्यावेत. १०० वाहिन्यांच्या मूळ जोडणीस १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यावर आपल्या पसंतीच्या सशुल्क वाहिन्यांची किंमत वेगळी. २०२० च्या आरंभापासून तेवढ्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या आणि घरातील दुसऱ्या संचास या शुल्काच्या ४० टक्क्यांहून अधिक आकारू नये, असाही नियम झाला. परंतु निवड करणे हे श्रमाचे काम आहे. बहुतेक घरांप्रमाणे आम्हीही कंपन्यांनी बांधून दिलेले गठ्ठेच घेत आलो. दोन संच, दोन गठ्ठे. ओसरीवरच्या संचाचे ४२० रुपये आणि आतल्या खोलीतील संचाचे २६०, मिळून दरमहा ६८० रुपये. वर्षाचे ८,१६० झाले. शेकडो वाहिन्यांपैकी घरात खरोखर किती पाहिल्या जातात, याची टिपणी मधल्या सूनबाईंनी पंधरा दिवस ठेवली. तिच्यात नऊ नावे निघाली.

याच्या उलट बाजूस ओटीटीचा हिशेब. मुलांच्या अभ्यासासाठी २०२१ पासून घरात ब्रॉडबँड होतेच. त्याचे ३९९ रुपये व कर मिळून ४७० रुपये ८२ पैसे केबल असो वा नसो, द्यावेच लागत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार निघाले, तेव्हा मोबाइलपुरती तिमाही वर्गणी १४९ रुपये आणि टीव्हीवरही चालणारी २९९ रुपये होती. म्हणजे टीव्हीसाठी महिना शंभराच्या आत. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ नावाची आपली सेवा सुरू केली, तिच्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका मिळतात. ज्यास ब्रॉडबँड नाही आणि जो मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवू म्हणतो, त्याने मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. केबलमधून येणारे चित्र दहा जणांनी पाहिले काय आणि कोणीच पाहिले नाही काय, तारेस फरक पडत नाही; ओटीटीचे चित्र मात्र प्रत्येकाने मागितल्यावर त्याच्यापुरते वेगळे पाठविले जाते आणि त्याचे मोजमाप होते. साधारण चित्रास तासाला सुमारे १ जीबी, तर स्पष्ट चित्रास ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाचा दीड जीबी क्रिकेटच्या एका डावातही पुरणार नाही.

आकड्यांची साक्ष इतकी स्वच्छ होती, की घरात बैठक बसली तेव्हा निकाल आधीच लागल्यासारखा होता. केबल काढावी, २९९ रुपयांची एक वर्गणी घ्यावी, दरमहा ५८० रुपये वाचवावेत. चिरंजीवांना क्रिकेट हवे होते, ते तेथे होते. सुनांना मालिका सवडीने पाहावयास हव्या होत्या, त्याही तेथे होत्या. पोळ्या लाटीत असताना कथानक पुढे निघून गेले, ही त्यांची जुनी तक्रार आता संपणार होती. मुलांबद्दल तर बोलावयासच नको. तथापि तार तोडण्यापूर्वी एक महिना केबलकडे न पाहता केवळ ओटीटीवर राहून पाहावे, असे ठरले. हा महिना ठेवला, हे फार बरे झाले.

आमच्या आत्याबाई आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. तेविसाव्या वर्षी वैधव्य आल्यावर त्या माहेरी, याच घरी, परत आल्या आणि येथेच राहिल्या. आम्हां भावंडांचे न्हाऊमाखू त्यांनी केले, आमच्या मुलांचे केले, आता नातवंडांस त्या गोष्टी सांगतात. आतल्या खोलीतील संच त्यांच्या खाटेसमोर असतो. मोतीबिंदू काढल्यानंतरही बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. पण वाहिन्यांचे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. सकाळचे कीर्तन कोणत्या आकड्यावर, सह्याद्रीवरच्या बातम्या कोणत्या आकड्यावर आणि संध्याकाळची मालिका कोणत्या आकड्यावर, हे त्या अंधारातही रिमोट चाचपून लावीत.

नव्या पद्धतीत आकडे नाहीत. आधी चौकोनांची एक रांग, तिच्याखाली दुसरी, त्यांतून आपला चौकोन शोधावयाचा, मग अक्षरे जुळवावयाची, मध्येच ‘कोण पाहत आहे’ असा प्रश्न यावयाचा. नातवाने बोलून शोधण्याची युक्ती शिकविली. आत्याबाईंनी यंत्रास ‘अहो’ म्हणावे की ‘अरे’, हे आधी विचारून घेतले आणि मग फार अदबीने मालिकेचे नाव सांगितले; यंत्राने भलताच चित्रपट लावला. सारे हसले, त्याही हसल्या. पहिल्या आठवड्यात त्या दररोज कोणास तरी हाक मारीत. दुसऱ्या आठवड्यात हाका कमी झाल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या संध्याकाळी सातलाच दिवा मालवून पडू लागल्या, आणि विचारले तर ‘डोळ्यांना त्रास होतो’ असे सांगत.

धाकट्या सूनबाईंस ते पटले नाही. तिने खाटेवर शेजारी बसून पुन्हा विचारले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “अगं, या घरानं मला कशाला ना म्हटलं नाही. पण लुगड्यापासून औषधापर्यंत सारं मागावंच लागलं. हा डबा तेवढा मागावा लागत नव्हता.”

यावर घरातील कोणासही उत्तर सुचले नाही. साठ वर्षांच्या सहवासात ज्यांनी कधी तक्रार केली नाही, त्यांच्या तोंडचे ते एक वाक्य आमच्या सर्व आकडेमोडीहून जड होते. दरमहा ५८० रुपये वाचणार होते खरे. पण ते घराच्या खर्चातून वाचत होते की एका माणसाच्या स्वातंत्र्यातून, हे आमच्या वहीत कोठे लिहिलेले नव्हते. अकरा माणसांपैकी दहांची सोय वाढत होती आणि जिला सर्वांत कमी मिळाले होते, त्या अकरावीच्या हातचे एकुलते एक बटण जात होते.

मग हिशेब नव्याने मांडला. आधी डीडी फ्री डिशचा विचार झाला. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा विनाभाड्याची आहे. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाचा खर्च केला, की मासिक काही नाही, आणि वाहिन्यांस ठरलेले आकडेही आहेत. ज्यांस बातम्या, जुने चित्रपट आणि सह्याद्री एवढे पुरे आहे, त्यांनी दुसरे काही पाहूच नये. परंतु आत्याबाईंची संध्याकाळची मालिका तीवर मिळत नव्हती. म्हणून आम्ही ओसरीवरची केबल काढली आणि आतल्या खोलीतील ठेवली. गठ्ठा सोडून दिला. मूळ जोडणीचे १३० रुपये, त्यांच्या एका सशुल्क मराठी वाहिनीचे १९ आणि कर, मिळून १७५ रुपये ८२ पैसे. मूळ शुल्काची कमाल मर्यादा जुलै २०२४ मध्ये उठली असल्यामुळे हा दर सर्वत्र मिळेलच असे नाही. आमच्या केबलवाल्याने तो जुनाच ठेवला. ब्रॉडबँडची तारही आता त्याच घरातून येते. बापाच्या शिडीवर मुलगा चढतो.

ओटीटीची वर्गणी आणि ही केबल मिळून दरमहा पावणेतीनशेच्या आसपास खर्च येतो; ६८० तून तो वजा जाता चारशेहून अधिक उरतात आणि वर्षाचे साधारण ४,८५० होतात. आत्याबाईंच्या आकड्यांसाठी आम्ही दिवसाला सहा रुपयांहूनही कमी देतो. नव्या मांडणीत कोणाचीही चैन गेली नाही, आणि वर्गणी घराची एकच असावी, ज्याने त्याने मोबाइलवर निराळी घेऊ नये, हा नियम सर्वांनी मान्य केला. एकच वर्गणी असल्यामुळे ओसरीवर रात्री काय लावावे याचा वाद अजून होतो, आणि तो होतो म्हणूनच माणसे एकत्र बसतात. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत रामायण पुन्हा दाखविले गेले, तेव्हा तीन पिढ्या एकाच संचापुढे बसल्या होत्या. तशी बैठक रोज जमणार नाही, पण तिची जागा तरी घरात राहावी.

ज्या घरी हा प्रश्न अद्याप निकालात निघाला नसेल, त्यांनी केबल अवश्य मोडीत काढावी. आकडे तेच सांगतात. मात्र पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची यादी आधी पंधरा दिवस करावी, आणि महिनाभर नव्या पद्धतीवर राहून पाहावे. त्या महिन्यात घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती टीव्ही स्वतः लावते की कोणाची वाट पाहत बसते, एवढे नीट न्याहाळावे. काटकसर हा संसाराचा मोठा गुण आहे. पण तिचा भार सर्वांच्या खांद्यांवर सारखा पडावा. जो कधी काही मागत नाही, त्याच्या वाट्याचे कापून केलेली बचत वहीत जमेच्या बाजूस लिहिता येते. घरात मात्र ती खर्चाच्याच बाजूस पडते.