भिशीचा सिनेमा

सोलापूरहून हैदराबादच्या वाटेला लागलेली बस उमरगा मागे टाकते आणि थोड्याच वेळात रस्त्याकडेच्या पाट्यांवरची अक्षरं बदलतात. रान मात्र बदलत नाही. तीच काळी जमीन, तीच तूर, तीच ज्वारी. बसवकल्याणचा फाटा मागे पडला, की पुढे हुमनाबादच्या अलीकडे राजेश्वर येतं. हा रस्ता पूर्वी नऊ नंबरचा हायवे होता. 2010 साली नंबर बदलले आणि तो 65 झाला. मी उतरतो तेव्हा आत्याच्या घराकडे निघालेला कुणी ना कुणी भेटतोच आणि विचारतो, "आज कुणाचा नंबर?"

महिन्याचा शेवटचा शनिवार असतो. आत्याच्या अंगणात त्या रात्री सिनेमा असतो.

आत्याचं घर जुनं, माळवदाचं. मध्ये अंगण, एका बाजूला ओसरी आणि समोर एक लांब भिंत. त्या भिंतीला दिवाळीत चुना दिला, की पडदा तयार. प्रोजेक्टर आतेभावाने जुना विकत घेतला आणि आवाजाचा डबा शेजारच्यांनी दिला. वीज गेली तर इन्व्हर्टरवर तासभर निघतो, म्हणून पाऊणएक तास झाला की मध्यंतर घ्यायचं. मध्यंतरात सुशीला आणि चहा. चुरमुऱ्यांचा सुशीला इकडे मराठी घरातही होतो आणि कानडी घरातही. तिकडे त्याला सुसला म्हणतात, एवढाच काय तो फरक.

हे गाव कुठल्या भाषेचं, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं अवघड. निजामाच्या राज्यातला जुना बीदर जिल्हा 1956 च्या नोव्हेंबरात भाषावार प्रांतरचनेत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, बीदर, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले, जहिराबाद आंध्रात गेलं. रेघ नकाशावर ओढली गेली, पण सोयरिकी राहिल्या. इथल्या कितीतरी घरांतल्या सुना निलंगा-उमरग्याच्या आणि लेकी सोलापूर-लातूरला दिलेल्या. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात दखनी आणि टीव्हीवर हिंदी. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला दत्तजयंतीला जाणाऱ्या माणसाला हे नवं नाही. माणिकप्रभूंच्या दरबारात या साऱ्या भाषा आणि हिंदू-मुसलमान दोघंही पूर्वीपासून नांदत आले आहेत.

पण सिनेमा निवडायची वेळ आली, की हीच गोष्ट गुंत्याची होते.

आम्ही सुरुवात केली तेव्हा चौदा घरं होती. पहिल्या महिन्यात हात वर करून मत घेतलं. मराठी विनोदी सिनेमा आला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा हात वर झाले, पुन्हा मराठी विनोदी. तिसऱ्या महिन्यात कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर आले नाहीत. ते कानडी शाळेत शिकवायचे आणि मराठीही छान बोलतात. पंक्चरचं दुकान चालवणारे चाचा आले, पण मध्यंतरातच उठून गेले. भांडण कुणाचंच नव्हतं. सगळं बहुमताने, रीतसर झालं होतं. तरी अंगण रिकामं व्हायला लागलं होतं.

हे आधी आत्याच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "अरे, भिशीत काय मत घेतो का आम्ही? चिठ्ठी काढायची. जिची निघाली, पैसा तिचा. त्याचं ती काय करते, हे आपण विचारायचं नाही. आणि एकदा निघाली, की सगळ्यांची होईपर्यंत तिची चिठ्ठी डब्यात परत नाही."

झालं, तोच नियम ठरला. चौदा चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. ज्या घराची निघेल, त्या घराने पुढच्या महिन्याचा सिनेमा ठरवायचा. त्याला तीन अटी. सिनेमा आधी स्वतः पूर्ण पाहिलेला असावा, कारण अंगणात पोरंसोरं असतात. सुरू होण्याआधी उभं राहून दोन मिनिटं सांगायचं, की हाच का निवडला. आणि बाकीच्यांनी शेवटपर्यंत बसायचं, भाषा कळो न कळो. चहा-सुशील्याचा खर्च सगळ्यांचा मिळून, म्हणजे नंबर कुणावर ओझं होत नाही.

पहिली चिठ्ठी मोबाइलच्या दुकानातल्या पोराची निघाली. त्याने भाषेचं भांडणच मिटवलं. 1987 सालचा 'पुष्पक' आणला. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा हा सिनेमा बेंगळुरूत घडतो. कमल हासन त्यात बेकार तरुण झालाय आणि सबंध सिनेमात एकही संवाद नाही. नव्वदीच्या आजीपासून दुसरीतल्या पोरापर्यंत सगळे एकाच वेळी हसत होते, कुणी कुणाला अर्थ विचारत नव्हतं. मास्तर परत आले ते त्या रात्री.

दुसरी चिठ्ठी आत्याची. तिने 'श्यामची आई' लावला. आचार्य अत्र्यांचा 1953 चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. ती उभी राहिली खरी, पण दोन मिनिटं काही तिला बोलता आलं नाही. "माझ्या आईनं दाखवला होता," एवढंच म्हणाली आणि बसली.

तिसरे चाचा. त्यांनी 'गर्म हवा' आणला. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या एका मुसलमान कुटुंबाची गोष्ट. जायचं की राहायचं, हा प्रश्न घरातल्या एकेकाला पडतो आणि एकेक जण निघून जातो. बलराज साहनींची ही अखेरच्या दिवसांतली भूमिका, सिनेमा लोकांपुढे येण्याआधीच 1973 त ते गेले. दिग्दर्शक एम. एस. सथ्यू मूळचे म्हैसूरचे, हे मास्तरांनी अभिमानाने सांगितलं. सिनेमा संपल्यावर चाचा म्हणाले, की 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या घरातही रात्र रात्र हीच चर्चा चालायची. इतक्या वर्षांच्या शेजारात हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्याच रात्री मास्तरांनी हेग्गोडूची गोष्ट काढली. शिमोगा जिल्ह्यात सागरजवळ सुपारीच्या बागांमधलं हे लहानसं खेडं. तिथल्या मंडळींनी 1949 साली 'नीनासम' ही नाट्यसंस्था उभी केली आणि 1973 साली के. व्ही. सुब्बण्णांच्या पुढाकाराने 'चित्रसमाज' नावाची फिल्म सोसायटी काढली. फिल्म सोसायट्या तोवर मोठ्या शहरांच्या होत्या. कोलकात्यात सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी 1947 त सुरू केली. 1959 त देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला आणि राय अध्यक्ष झाले. पाटण्यात फिल्म सोसायटी रुजवणाऱ्या आपल्या विजया मुळे या महासंघाच्या स्थापनेत होत्या. दूरदर्शनवरचा 'एक अनेक और एकता' ज्यांनी लहानपणी पाहिला असेल, त्यांनी विजयाबाईंचं काम पाहिलंच आहे. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ निघालं. पण खेड्यातल्या माणसाला परदेशी, संथ, कृष्णधवल सिनेमा कशाला, असं तेव्हा भलेभले म्हणत.

सुब्बण्णांना हे मान्य नव्हतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक सतीश बहादूर आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर यांनी त्यांना साथ दिली. फिल्मची रिळं हेग्गोडूला पोचू लागली. 'बायसिकल थीव्ज', 'राशोमान', 'पथेर पांचाली' हे सिनेमे तिथल्या शेतकऱ्यांनी पाहिले. 2012 साली नायरसाहेबांवर 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट आला. त्यात हेग्गोडूची माणसं या सिनेमांविषयी आपल्या गावच्या गोष्टीसारखं बोलतात. सुब्बण्णांना 1991 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 साली ते गेले.

मास्तरांचं म्हणणं एवढंच होतं, की लोकांना काय कळेल हे आपण आधीच ठरवून टाकू नये.

ही गोष्ट ऐकून मीही मान डोलावली होती. पण दोनच महिन्यांनी माझी परीक्षा झाली.

सहावी चिठ्ठी रस्त्यापलीकडच्या वस्तीतल्या एका तरुणाची निघाली. तो जीप चालवतो. पहिल्या महिन्यापासून नेमाने यायचा आणि दरवाजाजवळ उभा राहायचा. बस म्हटलं तर म्हणायचा, "गाडीवर लक्ष ठेवतो." आम्हीही ते खरं मानून चाललो होतो. त्याने आत्याला विचारलं, "आत्याबाई, कुठलाबी चालंल का?" आत्या म्हणाली, "नेम सगळ्यांना एकच."

त्याने 'फँड्री' सांगितला.

नागराज मंजुळेंचा हा 2013 चा सिनेमा बहुतेकांना ऐकून माहीत होता. दोनतीन घरांत कुजबुज झाली. सणाचे दिवस आहेत, पाहुणे असतील, काहीतरी हलकंफुलकं लावू, हा पुढच्या महिन्यात पाहू. हे म्हणणाऱ्यांत मीही होतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मी होतो. 'पुढच्या महिन्यात' म्हणताना मला सिनेमा टाळायचा नव्हता, असं मी स्वतःला समजावत होतो. आत्याने डबा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "श्यामची आईच्या वेळी कुणी म्हटलं होतं का, की पुढच्या महिन्यात?"

राजेश्वरपासून बसवकल्याण जवळच. बाराव्या शतकात तिथे बसवण्णांच्या अनुभव मंटपात सगळ्या जातींचे शरण एकत्र बसत, बोलत. आमच्या भागातल्या प्रत्येक सभेत हे सांगितलं जातं. पण सांगण्यातलं चटईवर उतरायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी कळलं.

सिनेमा लागला. त्याने उभं राहून दोन मिनिटं बोलायचं होतं. तो म्हणाला, "बघा, मग बोलू." जब्याची ती चिमणीमागची धावपळ, वर्गातली ती मुलगी, सगळ्या गावादेखत डुकराच्या मागे पळायची पाळी. सुरुवातीला अंगणात पोरं हसत होती, कारण सिनेमातलं गावही हसत होतं. हळूहळू अंगणातलं हसू थांबलं, सिनेमातलं चालूच राहिलं. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ आपल्या अंगावर येतो. भिंत काळी झाली. कुणी दिवा लावायला उठेना.

मध्येच एक गृहस्थ उठून निघाले होते, तेव्हा अंधारातून चाचांचा आवाज आला, "बसा की, कुठं चाललाव? नेम आहे." ते बसले.

नंतरही तो फार बोलला नाही. कुणीतरी विचारलं, की असं अजून होतं का? तो म्हणाला, "तुमी सांगा." त्या रात्रीची चर्चा तेवढीच.

पुढची चिठ्ठी मास्तरांची निघाली. सगळ्यांना वाटलं, आता राजकुमारचा एखादा गाजलेला सिनेमा येणार. मास्तरांनी 1975 चा 'चोमन दुडि' आणला. शिवराम कारंतांच्या कादंबरीवर बी. व्ही. कारंतांनी केलेला, राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा. चोमा दलित वेठबिगार. त्याच्याकडे बैलजोडी आहे आणि स्वतःची जमीन कसायची एवढीच इच्छा आहे, पण ती त्याला मिळत नाही. मनातलं सगळं तो दुडि नावाच्या वाद्यावर वाजवून काढतो. भाषा कानडी, खालच्या ओळी इंग्रजी, म्हणून कॉलेजात जाणारी शेजारची मुलगी महत्त्वाची वाक्यं मोठ्याने मराठीत सांगत होती. मास्तर उभे राहून म्हणाले, "गेल्या महिन्यात विचारलं होतं ना, असं होतं का म्हणून? माझ्या भाषेतलं उत्तर हे."

त्या रात्री तो जीपवाला तरुण दरवाजात नव्हता. चाचांशेजारी चटईवर बसला होता. सिनेमा संपल्यावर तो मास्तरांशी कानडीत बराच वेळ बोलत राहिला. काय बोलले, ते आम्ही विचारलं नाही.

मत घेत राहिलो असतो, तर हे दोन्ही सिनेमे आमच्या अंगणात आले नसते. चौदा घरांत त्यांना दोनदोन मतंही पडली नसती. आणि एका भाषेतल्या सिनेमाला दुसऱ्या भाषेतला सिनेमा उत्तर देऊ शकतो, हेही कळलं नसतं.

आपल्या गावात, गल्लीत कुणाला हे करायचं असेल, तर दोन गोष्टी सांगतो. एक, घरच्या-शेजारच्या मंडळींनी एकत्र बसून पाहणं वेगळं आणि मैदानात गावाला दाखवणं किंवा तिकीट लावणं वेगळं. तसं करायचं तर सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांची परवानगी आधी घ्या. रीतसर फिल्म सोसायटी काढून महासंघाचं सभासद होण्याचा मार्गही आहे. दुसरी गोष्ट, माणसं थोडी असली तरी चालतील, पण चिठ्ठ्यांच्या डब्यात प्रत्येक वस्तीचं एक तरी घर असू द्या.

बाकी सामान फार लागत नाही. चुना दिलेली भिंत, चटया आणि सुशील्यासाठी पायलीभर चुरमुरे.

पुढच्या शनिवारचा नंबर वाक्यं सांगणाऱ्या त्या मुलीच्या घराचा आहे. सिनेमाचं नाव तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी संध्याकाळच्या बसचं बघून ठेवलंय.