स्टोव्हचा वायसर

ज्या वस्तूवाचून सकाळचा चहा अडतो, तिच्या पोटात काय आहे हे घरातील बहुतेकांस ठाऊक नसते. आमच्या गिरगावातील बिऱ्हाडीही तीच गत होती.

सन १९६५ चा श्रावण. धाकट्या बंधूस ताप भरलेला. डॉक्टरांनी पातळ पेजेवाचून काही देऊ नये असे बजावलेले. आणि रात्री नऊच्या सुमारास पितळी स्टोव्हने असहकार पुकारला. पिन मारून झाली, काकडा पेटवून झाला. परंतु कितीही पंप मारला तरी दांडा हलकाच लागे आणि ज्योत पिवळी, काजळी धरणारी. दुकाने मिटलेली, बाहेर मुसळधार पाऊस.

तीर्थरूपांनी पंप उकलला. दांड्याच्या टोकास वाटीसारखा कातडी वायसर असतो. दांडा आत रेटला की त्याची कड फाकून नळीस घट्ट बसते व हवा टाकीत लोटली जाते. मागे ओढला की कड सैल पडून नवी हवा आत येते. ह्या हवेच्या दाबाने रॉकेल वर चढते, तापलेल्या बर्नरात त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून निघून निळी जळते. स्वीडनमधील लिंडक्विस्ट नामक कारागिराने १८९२ साली असा बिनवातीचा प्राइमस स्टोव्ह सिद्ध केला. पण ही सारी करामत त्या चिमुकल्या कातड्यावर! आमचे ते कातडे सुकून चिरले होते.

तीर्थरूपांनी जुन्या वहाणेचे पातळ कातडे काढले, रुपयाहून लहानशी चकती कापली, मधोमध भोक पाडले आणि ती कोमट पाण्यात भिजवून काठीच्या टोकावर दाबून वाटीसारखी वळवली.

इतक्यात आजी कडाडली, "अरे, खेटराचे कातडे स्वयंपाकात? ह्या स्टोव्हवरचे अन्न मी शिवणार नाही!"

तीर्थरूपांनी वाद घातला नाही. चिरलेला वायसर तिच्यापुढे ठेवून ते हळूच म्हणाले, "आई, हेही कातडेच आहे. इतकी वर्षे तू ह्याच्याच जिवावर रांधते आहेस."

आजी स्तब्ध झाली. आत बंधू कण्हत होता. थोड्या वेळाने ती उठली, देवघरातून समईच्या तेलाची बुधली घेऊन आली आणि म्हणाली, "कोरडे बसवू नकोस. पुन्हा चिरेल."

तेलात मुरलेला वायसर बसला, दांडा जड लागू लागला, आणि स्टोव्ह घरघरला. बंधूच्या पोटात पेज गेली. आजीने मात्र ती रात्र उपाशीच काढली.

दुसऱ्या दिवशी स्नान आटोपून ती स्वयंपाकघरात आली. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. तिने पदर खोचला आणि आपल्या हाताने स्टोव्हला पंप मारला.

पुढे घरात गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेला. त्या वायसराविषयी आजी पुन्हा कधी बोलली नाही; परंतु दर शनिवारी पंपात दोन थेंब तेल सोडण्याचे काम तिने शेवटपर्यंत दुसऱ्या कोणास करू दिले नाही.