पावसाळी कॅमेऱ्याची बाजू

पहिला ‘खरा’ कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानदार, मित्र आणि यूट्यूब हे तिघंही एकच सल्ला देतात: मिररलेस घे. सल्ला वाईट नाही. मोठा सेन्सर, बदलता येणारी लेन्स, पुढे हात बसला की वाढायला जागा, हे सगळं त्यात आहे. फक्त हा माणूस फोटो काढणार कुठे आणि कोणत्या महिन्यात, हे त्याला कुणी विचारत नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्याला नाहीतर कोकणच्या किनाऱ्यावर रमणाऱ्याला विचारून पाहा. डोंगर हिरवे असतात तेव्हा, धबधबे वाहतात तेव्हा, कासचं पठार फुललेलं असतं तेव्हा, असंच उत्तर येईल. म्हणजे जून ते सप्टेंबर. नेमक्या याच चार महिन्यांत सुरुवातीच्या किमतीचा मिररलेस पिशवीच्या तळाशी, प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून बसलेला असतो. ज्याची भटकंती अशी पावसाला बांधलेली आहे, त्याने पहिला कॅमेरा म्हणून पाण्यात चालणारा छोटा, ज्याला बाजारात ‘वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट’ म्हणतात, तो घ्यावा असं माझं मत आहे. त्याच्यावर घेतले जाणारे बहुतेक आक्षेप खरे आहेत, हे आधीच मान्य करतो. तरीही मत बदलत नाही, ते का, हे सांगायचं आहे.

बोलणं हवेत राहू नये म्हणून दोन नावं समोर ठेवू. एक कॅननचा ईओएस आर१००, दुसरा ओएम सिस्टमचा टीजी-७. हे दुसरं नाव नवं वाटेल, पण ते जुन्या ऑलिम्पसच्याच घरातलं; त्यांचा कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ पासून वेगळ्या कंपनीकडे गेला. दोन्ही कॅमेरे २०२३ चे. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा किट लेन्ससह आर१०० सुमारे ६०० डॉलरला आणि टीजी-७ सुमारे ५५० डॉलरला होता, म्हणजे पैशांचा मुद्दा जवळजवळ बाजूला पडतो. आर१०० ला पाण्यापासून संरक्षण नाही. लेन्स बसते ती कडी, बटणांच्या फटी, बॅटरीचं झाकण, सगळीकडून ओल आत जाऊ शकते. आणि सोबत मिळणाऱ्या लेन्सलाही रबरी कडं नसतं. टीजी-७ पाण्यात १५ मीटरपर्यंत जाण्यासाठी आणि दोन मीटरच्या आसपास उंचीवरून पडणं सोसण्यासाठी घडवलेला आहे. ‘छत्री धरून काढावेत की फोटो’ असं म्हणणाऱ्याने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आषाढात उभं राहून पाहावं. तिथे पाऊस वरून कमी आणि दरीतून वर जास्त येतो. छत्री उलटी होते, आणि एका हातात छत्री धरणारा माणूस दुसऱ्या हाताने कड्यावर काय करणार आहे ते आधी ठरलेलं बरं. रेनकव्हर बरं असतं, पण त्यातून लेन्सचं तोंड उघडंच राहतं आणि दर दोन फोटोंमागे काच पुसावी लागते. पुसायला कोरडं कापड हवं, आणि महाबळेश्वरसारख्या जागी, जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, दुपारपर्यंत अंगावर कोरडं असं काही उरत नाही. थेंब आत गेला नाही तरी दमट हवा जातेच. सिलिका जेलच्या पुड्या न ठेवता, डबा हवाबंद न करता श्रावण काढला की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. नवशिक्याला हे सहसा कुणी सांगत नाही. दिवाळीत कॅमेरा बाहेर काढल्यावर कळतं.

आता सगळ्यात जड आक्षेप, सेन्सरचा. आर१०० चा सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३३० चौरस मिलिमीटर. टीजी-७ चा जेमतेम २८. बारा पटींचा फरक, आणि कागदावर इथेच वाद संपतो. पण सेन्सरवर प्रकाश येतो तो लेन्सच्या भोकातून, आणि ते भोक किती मोठं आहे हे फारसं कुणी मोजत नाही. टीजी-७ ची लेन्स रुंद टोकाला ४.५ मिलिमीटरची आणि एफ/२ ची आहे. भोकाचा व्यास निघतो सव्वादोन मिलिमीटर. आर१०० सोबतची लेन्स त्याच टोकाला १८ मिलिमीटरची पण एफ/४.५ ची, व्यास चार मिलिमीटर. वर्ग करून भागलं की बारा पटींचा डोंगर तीन पटींवर येतो. झूम पुढे नेला की छोट्याची लेन्स अंधारते आणि अंतर पुन्हा वाढतं, हेही खरं. म्हणजे मोठा सेन्सर जिंकतो, पण जाहिरातीत दिसतो तेवढ्याने नाही, आणि तेवढ्याने जिंकतो तो बहुतेक वेळा दुसरी, महागडी, उजळ लेन्स विकत घेतल्यावर. ती लेन्स आपण लवकरच घेऊ असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात पुष्कळ मिररलेस सोबत आलेल्या लेन्सवरच म्हातारे होतात. तुलना करायची तर ती या दोन कॅमेऱ्यांची करावी, मनातल्या तिसऱ्याची नको.

छोट्या सेन्सरची एक बाजू मात्र अशी आहे की ती कमतरता म्हणून आली आणि सह्याद्रीत गुण ठरली. सेन्सर लहान, लेन्सचं नाभीय अंतर लहान, म्हणून फोटोत पुढचं-मागचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट राहतं. माणसाच्या चेहऱ्यामागची पार्श्वभूमी विरघळवायची असेल तर हा दोष आहे. पण कासच्या सड्यावरचं सीतेची आसवं नावाचं फूल करंगळीच्या नखाएवढं असतं, आणि त्याचा फोटो काढताना पाकळी स्पष्ट आली तर मागचा भाग जातो, ही तिथली नेहमीची रड. टीजी मालिकेतले कॅमेरे लेन्सपासून एका सेंटीमीटरवर फोकस करतात. किटच्या लेन्सला वीतभर तरी मागे राहावं लागतं. शिवाय मिररलेसवाला अशा फुलापुढे आडवा पडतो. सडा ओला असतो, खडकावर मातीचा थर बोटभर, आणि एका फुलासाठी आडवा पडलेला माणूस पोटाखाली गेंदाची आणि तेरड्याची पन्नास रोपं चिरडतो. वनखात्याने कुंपण घातलं होतं ते उगाच नाही. पाव किलोचा कॅमेरा पायवाटेवर उकिडवं बसून, हात लांब करून, अगदी जमिनीलगत नेता येतो. चिखल लागला तर ओढ्यात धुता येतो. समोरच्या भिंगाभोवती बसवायचं प्रकाश पसरवणारं एक प्लास्टिकचं कडं मिळतं, त्याने ढगाळ हवेतही फुलाला सावलीविना उजेड मिळतो. आंबोलीतल्या रात्रीच्या बेडकांसाठीही ते कडं चालतं. अंधारात आयएसओ हजारापुढे चढवला की या सेन्सरचं चित्र दाणेदार होतं, म्हणून स्वतःचा उजेड सोबत नेणं हा त्यावरचा खरा उपाय.

‘मग फोनने काय वाईट केलंय?’ हा प्रश्न मला सेन्सरच्या प्रश्नापेक्षा अवघड वाटतो. आजच्या बऱ्या फोनचा मुख्य सेन्सर टीजी-७ पेक्षा मोठा असतो, आणि रंग सुधारण्याचं त्याचं गणित कितीतरी पुढे गेलंय. फोनलाही आता पाण्याचं भय नाही असं सांगतात. पण फोनवरचं आयपी-६८ हे गोड्या, शांत पाण्यातल्या चाचणीवर दिलेलं असतं. पाणी आत गेल्याने झालेलं नुकसान हमीत बसत नाही, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याबद्दल कंपन्या स्वतःच हात वर करतात. त्याहून मोठी गोष्ट बोटांची. ओल्या काचेवर ओलं बोट टेकवलं की फोनला थेंब कुठला आणि बोट कुठलं ते कळेनासं होतं. पावसात कॅमेरा सुरू करायला जावं तर कुणाला तरी फोन लागतो. बटण दाबल्याचं बोटाला कळणं ही पावसाळी भटक्याची गरज आहे. आणि फोन भिजून बंद पडला तर फोटोंबरोबर नकाशा, पैसे आणि घरच्यांशी संपर्कही जातो. गडावर फोन ही कोरडी ठेवण्याची वस्तू आहे.

शिकण्याचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. टीजी-७ वर शटरचा वेग आपल्या मनाने ठरवता येत नाही. छिद्राचे पर्यायही मोजून तीन, आणि त्यातला तिसरा म्हणजे प्रकाश कमी करणारी काच आडवी येते एवढंच. धबधब्याचं पाणी रेशमासारखं करायचं तर शटरचा वेग हवा तसा धरून ठेवता येत नाही. ज्याला ही कला मुळापासून, आकड्यांसकट शिकायची आहे त्याने मिररलेसच घ्यावा, आणि तोही कोरड्या ऋतूत. ज्याचा विषय पक्षी आहेत, नाटकाचा रंगमंच आहे, घरातली धावणारी मुलं आहेत, जूनच्या तोंडावर भंडारदऱ्यातले काजवे आहेत, त्याच्याशी माझा वादच नाही. ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात शंभर मिलिमीटरला संपणारा झूम खंड्यापर्यंत पोहोचत नाही. पण आकडे शिकणं आणि पाहणं शिकणं ही दोन कामं आहेत. ढगातून क्षणभर फाकलेला उजेड, ओल्या कातळावरची चकाकी, धुक्याने पुसलेल्या डोंगराच्या एकामागे एक कडा, हे ज्याने चार पावसाळे हातात कॅमेरा धरून पाहिलं, त्याला शटरचा वेग नंतर महिन्याभरात समजतो. उलट दिशेने जायला जास्त वेळ लागतो.

पाण्यात चालणारा कॅमेरा म्हणजे खेळणं, हा समज तर जुना असूनही पोकळ आहे. निकॉनने पाण्याखालचा निकोनॉस १९६३ मध्ये आणला आणि २००१ पर्यंत ती मालिका चालवली. कित्येक समुद्रशास्त्रज्ञांचं ते रोजचं अवजार होतं. आज मात्र असे कॅमेरे करणारे थोडेच उरलेत. निकॉन, पॅनासॉनिक, फुजीफिल्म यांनी हा प्रकार सोडला. टीजी आणि पेन्टॅक्सच्या डब्ल्यूजी मालिकेपलीकडे फारशी निवड नाही, याची मला खंत आहे.

समुद्राकडे वळलं की तराजू आणखी झुकतो. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास लोक पाण्यात डोकं घालून पोवळी बघतात ते काही मीटर खोलीवर. मिररलेसला तिथे न्यायचं तर त्याच्याभोवती घालायची पेटी बरेचदा कॅमेऱ्याहून महाग पडते. मुंबईत तर पाण्यात उतरायलाही लागत नाही. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून हाजीअली, गिरगाव, जुहूच्या खडकांवर ओहोटीत लोकांना फिरवतात, आणि तिथल्या डबक्यांत समुद्रफुलं, खेकडे, रंगीत समुद्री गोगलगायी दिसतात. ओणवं होऊन, कॅमेरा पाण्याच्या पातळीखाली दोन बोटं घातला की पृष्ठभागावरची आभाळाची चकाकी नाहीशी होते आणि तळ स्वच्छ दिसतो. वरून फोटो काढणाऱ्याला हे साधत नाही. दिवस मात्र उधाणाचा बघावा, अमावास्या-पौर्णिमेच्या मागचापुढचा. भांगाच्या दिवसांत पाणी तितकं मागे हटत नाही. निघण्याआधी बॅटरीच्या झाकणाच्या रबरावरून बोट फिरवून पाहावं, कारण एक केस किंवा वाळूचा एक कण अडकलेला असला तरी १५ मीटरचं आश्वासन तिथेच संपतं. किनाऱ्यावर ओल्या हाताने झाकण उघडू नये. घरी आल्यावर झाकणं बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवावा आणि पाण्यातच सगळी बटणं दोन-चार वेळा दाबावीत, म्हणजे फटींतलं मीठ सुटतं.