आईला इन्फेक्शन नव्हतंच

आपल्या अंकात सहसा पाककृती, प्रवासवर्णनं आणि मुलांच्या स्पर्धांची बातमी असते. त्यात हा विषय जरा वेगळा वाटेल. पण मागच्या दिवाळीत आमच्या घरी जे घडलं ते थोड्याफार फरकानं तुमच्याही घरी घडत असेल, म्हणून लिहिते आहे. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव नको टाकू, बाकी लिही."

माझं माहेर लोधीखेडा. मध्य प्रदेशात, पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसरजवळ. सरकारी कागद हिंदीत, घरातली बोली मराठी आणि मोठा दवाखाना म्हटला की नागपूर. दिवाळीला गेले तेव्हा आई नीट बसत नव्हती, सारखी बाथरूमला जात होती. विचारलं तर, "काही नाही वं, उष्णता झाली." तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता माझ्याकडे न बघताच म्हणाली, "खाली आग होते. खाज येते. वर्ष होऊन गेलं."

वर्ष! आम्ही जवळजवळ रोज व्हिडिओ कॉलवर बोलतो. भाजी काय केली इथपासून शेजारच्या लग्नात काय बिनसलं इथपर्यंत.

"सांगितलं का नाहीस?"

"कायले सांगू? हे का सांगायची गोष्ट हाय?"

पुढची चूक माझी. दोन वर्षांपूर्वी घशासाठी अँटिबायोटिक घेतल्यावर मला बुरशीचा संसर्ग झाला होता. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि प्रचंड खाज. डॉक्टरांनी आत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या दिल्या आणि आठवड्यात बरं वाटलं. मोबाइलमध्ये ती चिठ्ठी होतीच. मी मेडिकलमध्ये जाऊन त्याच गोळ्या आणल्या. दुकानदारानं काही न विचारता काळ्या पिशवीत घालून दिल्या. आईनं सहा दिवस घेतल्या. आग कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

तेव्हा कुठे मी तिला नीट विचारायला बसले. वर्षभरात तिनं काय काय केलं होतं! तुरटीच्या पाण्यानं धुणं, मग अँटिसेप्टिकचं पाणी, दिवसातून दोनदा साबण, कुणीतरी सांगितलेलं मलम. फक्त डॉक्टरकडे गेली नव्हती. कारण लाज तर होतीच, पण भीती जास्त होती. "गेलं की गर्भपिशवी काढा म्हणतीन." तिची भीती वेडगळ नव्हती. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कित्येक बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकाही त्यांत होत्या.

नागपूरला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आधी आईला बोलू दिलं, मग आतून तपासलं, स्रावाचा नमुना घेतला आणि रक्तातली साखर बघितली, कारण मधुमेहात बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. साखर ठीक निघाली. नमुन्यात ना बुरशी होती, ना दुसरं काही. मग त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला इन्फेक्शन नाहीच."

आईचं वय ५८. पाळी थांबली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. त्यातून खाज, आग, लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं हे सगळं होऊ शकतं. म्हणजे दाह असतो, पण जंतू नसतात. त्यात साबण आणि अँटिसेप्टिकनं भर घातली होती आणि माझ्या गोळ्यांचा तर काही संबंधच नव्हता. स्तनाचा कर्करोग वगैरे झाला नव्हता ना, हे विचारून डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, धुवायला फक्त साधं पाणी सांगितलं आणि पुन्हा तपासायला बोलावलं. काही आठवड्यांत आई निवांत बसायला लागली.

परत आल्यावर मी वाचायला लागले आणि गडचिरोलीपाशी थांबले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तक्रार सांगणाऱ्या बायका ५५ टक्के होत्या. तपासल्यावर ९२ टक्क्यांमध्ये स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक तरी प्रकार सापडला. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. त्या काळी गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जायचं. बाकीचं दुखणं कुणी मोजलंच नव्हतं. आमचं घर शिकलेलं, हातात फोन, घरात इंजिनिअर मुलगी. तरी माझी आई ५८ वर्षांची होईपर्यंत बाळंतपण सोडून एकदाही तपासली गेली नव्हती.

माझी आजी 'धुपणी' म्हणायची. धुपणीनं हाडं झिजतात, बाई वाळत जाते, असा तिचा समज. खरं तर थोडा पांढरट किंवा पारदर्शक स्राव निरोगी शरीरात असतोच आणि पाळीच्या मधल्या दिवसांत तो वाढतो. त्यानं हाडं झिजत नाहीत. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जीवाणू आम्लता टिकवून ठेवतात आणि त्यामुळे इतर जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. आत साबण किंवा अँटिसेप्टिक नेलं की हीच राखण मोडते.

मग बिघडतं तेव्हा काय होतं? बुरशी वाढली की दाट पांढरा स्राव आणि खाज. उपयोगी जीवाणू कमी होऊन दुसरे वाढले की पातळ, करडा आणि माशासारखा वास येणारा स्राव. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात आणि त्यावर मेट्रोनिडाझोलसारखं औषध लागतं. तिसरा ट्रायकोमोनास, हा संबंधातून पसरतो. स्राव पिवळट-हिरवट, फेसाळ असू शकतो. यात नवऱ्याला काही त्रास नसला तरी त्यालाही औषध घ्यावंच लागतं, नाहीतर बायको बरी होऊन पुन्हा आजारी पडते. आणि चौथा प्रकार आईचा, ज्यात संसर्गच नसतो. ही लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की नुसतं वर्णन ऐकून डॉक्टरही फसू शकतात. बुरशीची गोळी बॅक्टेरियल व्हजायनोसिसला चालत नाही. उलट अँटिबायोटिकनं बुरशी वाढू शकते. म्हणूनच तपासणी.

काही गोष्टींना तर थांबूच नये. ताप आणि ओटीपोटात दुखणं, गरोदरपणात वास येणारा स्राव, संबंधानंतर रक्त जाणं आणि पाळी बंद झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. खासगी दवाखान्याचा खर्च नको असेल तर जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत अशा तक्रारींसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतात. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळतं.

आपण मुली-मुलं घरापासून लांब राहतो. आईबाबांचा रक्तदाब विचारतो, गुडघे विचारतो. हे विचारत नाही. विचारायचं कसं, हाही प्रश्न असतो. मला 'इन्फेक्शन आहे का?' या प्रश्नाचा काही उपयोग झाला नसता. 'लघवीला आग होते का, खाज येते का?' असं आईच्या शब्दांत विचारलं असतं तर कदाचित वर्ष वाचलं असतं. मुलग्यांना संकोच वाटत असेल तर बहिणीला, बायकोला सांगा, पण विषय टाळू नका. आणि माझ्यासारखी स्वतःची जुनी चिठ्ठी पाठवू नका.

गेल्या महिन्यात फोनवर बोलताना मागे शेजारच्या काकूंचा आवाज येत होता. आई त्यांना सांगत होती, "गोळी नको आणू वं मेडिकलातून. पह्यले तपासून घे. काही काढत-बिढत नाहीत." मी काही बोलले नाही, फोन तसाच चालू ठेवला.