पायरी सहा इंचांची

घर बांधताना आपण वास्तू बघतो, पार्किंग बघतो, टीव्ही कुठे लागेल ते बघतो. सत्तरीतलं माणूस रात्री दोन वाजता पलंगावरून संडासापर्यंत कसं जाईल, हे कोणी बघत नाही. आमच्या कामात क्वचित घडणाऱ्या गोष्टीला 'एज केस' म्हणतात. पण २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण १० टक्के लोक साठीपुढचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच नंबर लागतो.

मानोऱ्याच्या घरात आजी एकटी राहते. वय ७८, गुडघे गेलेले. तिला पुण्याला माझ्याकडे आणायचं, असं घरात ठरत आलं होतं. त्याआधी मी केंद्र सरकारची सुगम्यतेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं मोबाईलवर उघडली, टेप घेतला आणि दोन्ही घरं मोजली.

पुण्याचा फ्लॅट पास झाला. लिफ्ट आहे, कमोड आहे, उंबरठे नाहीत. मानोऱ्याचं घर नापास. ओसरीच्या दोन पायऱ्या नऊ-नऊ इंचांच्या. संडास मागच्या अंगणात, वाटेत ओली शहाबादी फरशी, दिव्याचं बटण दाराच्या पलीकडे. रॅम्प करावा, तर प्रमाण १:१२ चं. १८ इंच चढायला १८ फूट लांबी लागते, आणि रस्त्यापर्यंत जागा दहाच फूट.

पण चेकलिस्टमध्ये एक रकाना नव्हता. आजी ओसरीवर बसली की निम्मी गल्ली तिच्याशी बोलून पुढे जाते. सकाळी दार उघडलं नाही, तर शेजारच्या काकू कडी वाजवतात. पुण्यात मी दहा तास ऑफिसात. ती पडली तर मला संध्याकाळी कळेल.

म्हणून घरच बदललं. दोन पायऱ्यांच्या तीन केल्या, सहा-सहा इंचांच्या, बाजूला लोखंडी कठडा. खडबडीत टाइल, कमोड, धरायला दांडी. पलंगाशी बटण, आणि लाइट गेली तर चार्जिंगचा बल्ब. दांडी पाहून आजी म्हणाली, "मले काय झालं? मी का बिमार हाओ?" दुसऱ्या दिवशी दांडीवर टॉवेल वाळत होता. आता ती दांडी धरूनच उठते. टॉवेलही तिथेच असतो.

हे कायमचं उत्तर नाही. उद्या चाकाची खुर्ची लागली, तर ती आमच्या २४ इंचांच्या दारातून जाणार नाही. तेव्हा पुन्हा मोजावं लागेल, आणि कदाचित पुण्याचाच विचार करावा लागेल.

दिवाळीला गावी जाल, तेव्हा एका रात्री आजी-आजोबांच्या पलंगापासून संडासापर्यंत दिवा न लावता चालून बघा.