गड्ड्यातली भजी

आम्हा सोलापूरकरांचं थीम पार्क म्हणजे गड्डा. संक्रांतीला होम मैदानावर भरतो. यात्रा सिद्धरामेश्वरांची, पण आकाशपाळण्याच्या रांगेत पोरं घेऊन उभ्या असलेल्या बुरखेवाल्या बायाही काही कमी नसतात. लहानपणी अब्बा लूमवरून सुटले की आम्हा भावंडांना न्यायचे. पाळण्यात एकदाच बसायला मिळे, मिरचीभजी मात्र पोटभर. येताना अम्मीसाठी एक पुडा.

तीच चव मुलांना दाखवायची म्हणून यंदा हट्टाने घेऊन गेलो. भजी हातात घेतली तर कागद तेलाने थबथबलेला आणि आत पीठ कच्चं. कढईतलं तेल काळंकुट्ट, फेस आलेलं. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात. ती २५ टक्क्यांवर गेली की तेल टाकून द्यायचं, असा नियम देशभर २०१८ पासून आहे. कढईशेजारचं मंचुरियन तर इतकं लालभडक, की धाकटीची बोटं रंगली.

चिडून गाड्याजवळ गेलो. झारा धरलेला पोरगा म्हणाला, "सलाम सर, ओळखलं का?"

सातवीला माझ्याच वर्गात होता.

"तेल बदल की रे."

तो मागे बघून हळूच म्हणाला, "मालक डबा मोजून देतात, सर."

पुढे काय बोलणार? पैसे दिले आणि निघालो.

घरी अम्मीने विचारलं, "भजी नाही आणलीस?"

"गर्दी लई होती," मी म्हणालो.