येडशीचे भुंगेरे

गेल्या ज्येष्ठात धाराशिव जिल्ह्यातील येडशीस रामलिंगाच्या दर्शनास जाणे झाले. बालाघाटाची ही झाडी अभयारण्य असल्यामुळे तेथील मुंगीसही हात लावणे वर्ज्य. नातवाची पेटी रिकामीच राहिली. सायंकाळी पाऊस झाला आणि गावात यजमानांच्या कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे उतरले. जीव मारण्यास आमचे मन घेईना. सकाळी दिव्याखाली मरून पडलेले तेवढे आम्ही वेचले.

ताठरलेला भुंगेरा झाकणाच्या डब्यात ओल्या वाळूवर दिवसभर ठेविला म्हणजे त्याचे पाय नरमतात. टाचणी मधोमध टोचावयाची नाही. उजव्या पंखकवचाच्या वरच्या भागातून घालावी, म्हणजे डावे अंग अभ्यासास अखंड राहते. आमची पहिली मधोमधच गेली. जन्मभर मुलांच्या चुका काढलेल्या आम्हांस नातू म्हणाला, 'आजोबा, पुन्हा!' पेटीत डांबराच्या गोळ्या हव्यात, नाही तर भुंगेऱ्यांचेच धाकटे भाऊबंद हे कोरडे कलेवर फस्त करितात.

टाचणीखाली चिठी असते : स्थळ, दिनांक, संग्राहक. तिच्यावाचून नमुना शास्त्रास निरुपयोगी. जिल्हा आम्ही सवयीने 'उस्मानाबाद' लिहिला. २०२३ साली ते नाव पालटले आहे. नातवाने नवी चिठी लिहिली, आणि संग्राहक म्हणून आमचे नाव घातले.